खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नम्रतेच्या पुढे काय शिकवायचं? (सोलापूर)

पूर्वभागकर
नमस्कार. संजय गांधी योजना शाखा, रोजगार मार्गदर्शन केंद्र आणि बांधकाम कामगार नोंदणी या तीन ठिकाणच्या नव्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी सोलापुरात एका दिवसाचं प्रशिक्षण आखायचं आहे. वीसेक जण असतील. बहुतेक पदवीधर, संगणक येणारे, पण लोकांसमोर खिडकीवर बसायची पहिलीच वेळ.

अशा प्रशिक्षणांचे जे मसुदे हाती आले त्यांत नम्रपणे बोला, वेळेवर या, ओळखपत्र लावा, एवढंच आहे. ते हवंच. पण अगदी नम्रपणे चुकीचा कागद आणायला पाठवलं तरी समोरच्या बाईचा दिवस वाया जातोच. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्या पेशाला जसं स्वतःचं शास्त्र आणि स्वतःची बंधनं असतात, तसं या कामाचं काय, ते शिकवायचं आहे.

तीन गोष्टी विचारतो. तासाभराचं खिडकीचं काम पाहून ते नीट झालं की नाही, हे कशावरून ठरवायचं? नियम कुठे ताठ ठेवायचा आणि स्वतःची बुद्धी कुठे वापरायची? आणि आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे अर्जदार इतके असताना नेमकं कुठे बिनसतं? अनुभवाच्या गोष्टींपेक्षा करण्याजोगं सांगितलंत तर उपयोग होईल.

आवक_जावक
संजय गांधी आणि श्रावणबाळ या निराधारांच्या मासिक अनुदान योजनांच्या खिडकीपुरतं लिहितो.

अर्ज हातात घेतला की तो शेवटच्या पानापर्यंत पाहायचा. पहिली त्रुटी दिसली की तिथेच थांबून परत पाठवणं ही सर्वांत नुकसान करणारी सवय आहे. आज रहिवासाचा पुरावा नाही म्हणून परत, पुढच्या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून परत, मग नावात फरक म्हणून परत. कुंभारीच्या विडी घरकुलातून येणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. ज्या दिवशी ती कचेरीत येते त्या दिवशी विड्या होत नाहीत. अशा तीन खेपा झाल्या की ती दलालाला पैसे देते, आणि तिचा हिशोब चुकत नाही. म्हणून सगळ्या त्रुटी एकाच वेळी, एकाच चिठ्ठीवर, लेखी. चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुढच्या वेळी त्या चिठ्ठीत नसलेली नवी त्रुटी काढायची झाली तर ती शाखाप्रमुखाला दाखवूनच काढायची, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

कागद पाहण्याचा क्रम ठरलेला असावा: प्रवर्ग, वय, उत्पन्न, रहिवास, नाव, बँक खातं. प्रवर्ग आधी, कारण बाकीचे कागद त्यावर ठरतात. ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, अनाथ, गंभीर आजारामुळे काम करू न शकणारे हे संजय गांधी निराधार योजनेत येतात. ६५ आणि त्यापुढचे श्रावणबाळ योजनेत. इथे नेहमी होणारी चूक: ६३ वर्षांची विधवा येते, कर्मचारी जन्मतारीख पाहतो आणि ‘श्रावणबाळला अजून दोन वर्षं आहेत, नंतर या’ म्हणतो. ती विधवा म्हणून आजच संजय गांधी योजनेत बसते. महिना १,५०० रुपयांनी दोन वर्षांचे ३६,००० रुपये त्या एका वाक्यात जातात. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० आहे, त्यामुळे दिव्यांग विधवेचा प्रवर्ग नीट न विचारता टाकला तर दरमहा हजाराचा फरक पडतो.

उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाची वार्षिक २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास. दिव्यांगत्व किमान ४० टक्के. हे आकडे खिडकीच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडे लावा. बाहेर लावले की निम्मे वाद होत नाहीत.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त. तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी लिहितात, लग्नानंतर नाव बदलतं, आधारवर लक्ष्मी आणि रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, रोमन लिपीत एकीकडे एक्स आणि दुसरीकडे केएसएच. कोणता कागद दुरुस्त करायचा हे न सांगता ‘नाव जुळत नाही’ म्हटलं तर लोक चुकीचा कागद दुरुस्त करून आणतात. पैसे आधारमार्फत जातात, तेव्हा आधी आधार बरोबर करायचं, मग बँक, मग बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे. किरकोळ फरकाला स्वयंघोषणापत्र चालेल की नाही, हे शाखाप्रमुखाने लेखी ठरवून द्यावं. एकाच कचेरीत दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळणं यासारखा विश्वास घालवणारा दोष नाही.

आणि पोच. ‘राहू द्या इथे, बघतो’ असं म्हणून अर्ज ठेवून घेऊ नये, कधीच नाही. आवक क्रमांक नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर उशीरही मोजता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा (उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास वगैरे) मुदतीत द्यायच्या असतात, नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्यात कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. नव्या मुलांना हे कायदे भीती घालायला सांगू नका. तारखेची नोंद त्यांचंही रक्षण करते, हे दाखवा.

मंजुरी समितीच्या बैठकीत होते, खिडकीवर होत नाही. म्हणून ‘होऊन जाईल’ हा शब्द वर्ज्य. ‘तुमचे कागद पूर्ण आहेत, चौकशीसाठी तलाठ्याकडे जातील, बैठकीनंतर यादी लागेल, यादी या फलकावर पाहा’ एवढं सांगता येतं आणि तेवढंच खरं आहे.

रोजगार_नोंद
रोजगाराच्या खिडकीवरचा दोष वेगळा. तिथे नकार नसतो. महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवर सगळ्यांची नोंदणी होते आणि पुढे काही घडत नाही. त्यामुळे कर्मचाऱ्याला वाटतं काम झालं.

नोंदणी म्हणजे मुलाखत आहे, हे आधी शिकवा. ‘शिक्षण काय, कसलं काम हवं’ एवढं विचारलं तर उत्तर येतं ‘सातवी, कसलंही’. पोर्टलवर ‘कसलंही’ नावाचं काम नसतं, मग तो माणूस अकुशल म्हणून नोंदला जातो. तोच माणूस टॉवेलच्या जकार्ड मागावर दहा वर्षं काम केलेला असतो. विचारायचं असं: शेवटच्या कामावर सकाळी गेल्यावर पहिलं काय करायचात? किती माग एकटे बघायचात? धागा तुटला, कार्ड अडकलं तर स्वतः काढायचात की जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलवायचात? कांडी, शिलाई, घडी, पॅकिंग यांतलं काय काय केलंय? चार प्रश्नांत कळतं की हा माणूस नुसता माग चालवणारा आहे की दुरुस्तीही जाणणारा. दुरुस्ती जाणणाऱ्याला देखभाल विभागात मागणी असते, त्याला मदतनीस म्हणून पाठवणं हे त्याचं आणि मालकाचं, दोघांचं नुकसान.

मालकाकडून रिक्त जागा घेतानाही हीच मुलाखत. अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा चिंचोळीतून फोन येतो, ‘दहा हेल्पर पाठवा, बारा हजार’. हे लिहून घेऊन फलकावर लावणं म्हणजे काम अर्धवट. बारा हजार हातात की कापून? पाळ्या किती? शहरातून कंपनीची बस आहे का, रात्रपाळी सुटल्यावर चिंचोळीहून परत कसं यायचं? पहिला पगार कोणत्या तारखेला? ही माहिती नसताना पाठवलेले उमेदवार आठवड्यात सोडून येतात आणि मालक पुन्हा फोन करत नाही.

हातात किती पडतील, हे उमेदवाराला कागदावर मांडून दाखवावं. पूर्ण बारा हजार मूळ पगार आणि महागाई भत्ता धरला तर भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांनी १,४४० रुपये, राज्य कामगार विमा ०.७५ टक्क्यांनी ९० रुपये, पुरुषाला व्यवसाय कर २०० रुपये. हातात १०,२७०. महिलेला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिला १०,४७०. सोबत हेही सांगायचं की कापलेले १,४४० तिच्याच खात्यात आहेत आणि ९० रुपयांत घरच्यांसह दवाखाना आहे. नाहीतर ‘कापून घेतात’ म्हणून लोक रोखीच्या कामाकडे वळतात.

मेळाव्याचे आकडे. ‘प्राथमिक निवड’ हा आकडा छापायला चांगला दिसतो, कामाला काही उपयोगाचा नाही. रुजू किती झाले, महिन्याने किती टिकले, तीन महिन्यांनी किती, हे तीन आकडे ठेवा. रुजू झाल्यापासून सातव्या दिवशी एक फोन उमेदवाराला, एक मालकाला. सोडून जाणारे बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच जातात आणि कारण बऱ्याचदा बस, पाळी किंवा जेवणाचं असतं, फोनवर सुटण्यासारखं.

आणखी एक, योजनांची नावं ऐकून माणूस पाठवू नये. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, चांभार, सुतार, गवंडी आहेत, टोपली-चटई विणणारे आहेत. हातमाग किंवा यंत्रमाग विणकर नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराला ‘तुम्ही कारागीर, तिथे जा’ म्हणून पाठवलं की त्याची खेप फुकट. यादी वाचूनच पाठवायचं.

आधार_डीबीटी
‘पैसे आले नाहीत’ ही तक्रार सगळ्या खिडक्यांवर येते आणि सगळीकडे एकच उत्तर मिळतं: आधार लिंक करा. हे उत्तर अपुरं आहे.

खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं थेट लाभासाठी (डीबीटी, म्हणजे सरकारी पैसे परस्पर खात्यात येण्यासाठी) निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाची चार खाती आधारला जोडलेली असू शकतात. थेट लाभाचा पैसा मात्र राष्ट्रीय भुगतान निगमच्या नोंदीत ज्या एका बँकेचं नाव शेवटी चढलं, तिथेच जातो. लाडकी बहीण योजनेच्या वेळी, २०२४ मध्ये, अनेक बायकांनी नवी खाती उघडली. नवं खातं उघडताना थेट लाभाला संमती दिली असेल तर निराधारचे पैसेही त्या नव्या खात्यात जातात, आणि म्हातारी जुन्याच पासबुकावर नोंद करून घेत बसते. पैसे थांबलेले नसतात, दुसरीकडे साठत असतात.

तेव्हा तपासायचा क्रम असा. आधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. अर्जदाराच्या नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचं नाव व स्थिती दिसते. साध्या फोनवर *९९*९९*१# लावूनही कळतं. बँक वेगळी दिसली तर त्या बँकेचं पासबुक पाहायला सांगा. बँक तीच पण स्थिती निष्क्रिय असेल तर बँकेच्या शाखेत आधार सीडिंगचा (जोडणीचा) अर्ज पुन्हा द्यावा लागेल. बँक तीच, स्थिती चालू, तरी पैसे नाहीत, मग दोष योजनेच्या बाजूला: हयातीचा दाखला राहिला, उत्पन्नाचा दाखला संपला किंवा यादीत नाव वगळलं. या तिसऱ्या पायरीवरच योजना शाखेने फाइल उघडायची. पहिल्या दोन पायऱ्यांना पाच मिनिटं लागतात आणि त्या खिडकीवरच करून द्यायच्या. बँकेत पाठवून ‘तिकडे विचारा’ म्हणायचं नाही. केंद्राच्या पेन्शनचा वाटा वेगळ्या नोंदीनेही जमा होऊ शकतो, त्यामुळे ‘कमी आले’ म्हणणाऱ्याच्या पासबुकात त्या महिन्याच्या सगळ्या नोंदी बघा.

जाता जाता: ज्या बाईला दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळतात ती लाडकी बहीणला अपात्र ठरते. दोन्ही अर्ज भरून घेतल्यावर हे सांगण्यात अर्थ नाही. अर्ज भरण्याआधी सांगायचं.

अंगठा. विडी वळणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. यंत्राने नकार दिला की कर्मचारी तोच अंगठा पुन्हा पुन्हा, जोरात दाबून ठेवायला लावतो. त्याने रेषा पसरतात आणि आणखी नकार येतो. हात धुऊन कोरडे करा, यंत्राची काच पुसा, दहाही बोटं करून पाहा, कोणतं बोट चाललं ते कार्डावर लिहून ठेवा. तरी नाही तर बुबुळ, चेहरा किंवा ओटीपी, जे त्या सेवेला मान्य असेल ते. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. हे आधीच तपासा.

विडी कामगारांत भविष्य निर्वाह निधीची पेन्शन घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरच लागतो असं नाही. दाखला सादर केल्यापासून १२ महिने चालतो. जीवन प्रमाण ॲपवर चेहऱ्याने होतो, पण भरताना मंजुरी देणारी संस्था म्हणून दुसराच विभाग निवडला गेला तर प्रमाण क्रमांक तयार होतो आणि पेन्शन तरीही थांबते. क्रमांक आला म्हणजे काम झालं, असं समजू नये. दोन-तीन दिवसांनी दाखला स्वीकारला गेला की नाही हे पाहायचं.

नियम_आणि_माणूस
वरचं सगळं मान्य, पण पूर्वभागकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. यादीप्रमाणे कागद तपासणं उद्या यंत्रही करेल. माणूस खिडकीवर ठेवायचा तो यादीत न बसणाऱ्या माणसासाठी.

नेदरलँड्सचं उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं. तिथे बालसंगोपनाच्या अनुदानात एखादी सही राहिली, थोडा स्वहिस्सा भरला नाही, एवढ्या चुकीवरही पूर्ण वर्षाचं अनुदान परत मागितलं गेलं. हजारो पालक कर्जबाजारी झाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. कारकुनांनी नियम मोडला नव्हता. चुकीच्या प्रमाणात शिक्षा कमी करायची मुभाच व्यवस्थेने ठेवली नव्हती, आणि ज्यांना परिणाम दिसत होते त्यांचं म्हणणं वर पोचत नव्हतं.

माझ्या मते विभागणी अशी करावी. पात्रतेचा आकडा ताठ. २१,००० ची मर्यादा खिडकीवर २२,००० होत नाही, ओळखीच्या माणसासाठीही नाही आणि दया आली म्हणूनही नाही. पण पुरावा कोणता मागायचा, चौकशी कशी करायची, कोणाला आधी घ्यायचं, कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाच्या घरी जायचं, इथे बुद्धी वापरायलाच हवी. नवरा सोडून गेलेल्या बाईकडे ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणणारा कर्मचारी नियम पाळत नसतो, विचार करत नसतो. तिथे स्थानिक चौकशीचा मार्ग आहे, तो सुचवणं हे त्याचं काम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हयातीसाठी रिक्षा करून आणायला सांगण्याआधी घरभेटीची सोय कशी करता येईल हे विचारायचं.

बुद्धी वापरली की तिची एक ओळ फाइलवर हवी: काय वेगळं केलं, का, कोणाच्या संमतीने. ती ओळ लिहिता येत नसेल तर तो निर्णय बहुधा घेऊ नये.

गुप्तता हा भाग मसुद्यांत सापडतच नाही. गंभीर आजाराच्या प्रवर्गात एड्स, क्षयरोग, कुष्ठरोग आहेत. रांगेत पन्नास माणसं असताना ‘कुठला आजार?’ असं मोठ्याने विचारणं म्हणजे त्या माणसाला गल्लीत उघडं पाडणं. एचआयव्हीची स्थिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. प्रवर्गांना क्रमांक द्या, अर्जदाराला छापील यादीवर बोट ठेवायला सांगा. परित्यक्तेची हकीगत बाजूला बसवून घ्या. आधारच्या जादा झेरॉक्स रद्दीत जाऊ देऊ नका, फाडून टाका.

भाराबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. जर्मनीत बेरोजगारांच्या सल्लागारांसाठी कायद्यात प्रमाण धरलेलं आहे: २५ वर्षांखालच्या ७५ जणांमागे एक, त्यावरच्या १५० मागे एक. आपल्याकडे असं प्रमाण ठरलेलं नाही, आणि एकाच माणसावर खिडकी, डाटा एंट्री, व्हिडिओ बैठकीचा अहवाल आणि निवडणुकीचं काम येतं. अशा वेळी गर्दीचे तास ठरवून त्या वेळेत बाकीची कामं बंद ठेवणं एवढं तरी शाखाप्रमुखाच्या हातात असतं. ते मागून घ्या, प्रशिक्षणाला शाखाप्रमुखांनाही बसवा.

आवक_जावक
@नियम_आणि_माणूस, शेवटच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. पण नव्या कंत्राटी मुलाच्या हातात एवढी मुभा देऊ नये. त्याची नेमणूक अकरा महिन्यांची. त्याच्याकडे नगरसेवकाचा माणूस पंचवीस अर्जांचा गठ्ठा घेऊन येतो आणि ‘आधी हे घ्या’ म्हणतो. मुभा आहे म्हटलं की ती त्याच दिशेला वाकवली जाते. नियम ताठ असला तर त्याला ‘टोकनप्रमाणेच घेतो’ असं म्हणायला आधार मिळतो. गठ्ठा आला तर प्रत्येक अर्जाला वेगळं टोकन आणि पोच अर्जदाराच्याच मोबाइलवर, आणणाऱ्याच्या नाही.

माझं म्हणणं: मुलाने वेगळं प्रकरण ओळखावं आणि त्याच दिवशी वर न्यावं, निर्णय नायब तहसीलदारांचा. ‘वेगळी प्रकरणं’ अशी एक वही खिडकीवर, रोज साडेपाचला ती वर जाईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरासह खाली येईल.

नियम_आणि_माणूस
वही मान्य. फक्त ती रोज खाली आली पाहिजे, आठवड्याने नाही. आणि अर्जदाराला त्या वहीतला क्रमांक मिळाला पाहिजे.

पूर्वभागकर
सगळ्यांचे आभार, यातून दिवस भरेल. वहीची कल्पना घेतो. दोन गोष्टी राहिल्या: भाषा, आणि बांधकाम कामगार नोंदणी. तिथे दलालांची तक्रार सर्वांत जास्त आहे.

कामगार_नाका
बांधकाम कामगार कल्याण मंडळाची पात्रता छोटी आहे: वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो. सगळं अडतं ते ९० दिवसांच्या प्रमाणपत्रावर. नाक्यावर उभा राहणारा मजूर आठ ठेकेदारांकडे दहा-बारा दिवस करतो. एकही ठेकेदार नव्वद दिवस लिहून देत नाही. इथेच दलाल कागद विकतो, आणि ज्याने कधी पाटी उचलली नाही त्याचीही नोंदणी होते. खिडकीवरच्या माणसाने त्याला ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेण्याचा मार्ग सांगायचा, नमुना कोरा छापून हातात द्यायचा आणि कुठल्या टेबलावर, कुठल्या वारी मिळतं ते लिहून द्यायचं. खऱ्या मजुराला हा रस्ता सरळ झाला की दलालाकडे खोट्यांशिवाय कोणी उरत नाही, आणि खोटे ओळखायला सोपे जातात: काम काय करता विचारलं की ‘बांधकाम’ म्हणतात, गवंडी, सेंट्रिंग, बार बेंडिंग, फरशी असं काही सांगत नाहीत.

नूतनीकरण दरवर्षी आहे, ते राहिलं की लाभ अडतो. साध्या बाळंतपणाचे १५,००० किंवा शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणाचे २०,०००, मुलाची पहिली ते सातवीची वर्षाची २,५०० शिष्यवृत्ती मागायला माणूस येतो आणि नोंदणी संपलेली असते. नोंदणी करतानाच संपण्याची तारीख कार्डाच्या पाठीमागे मोठ्या आकड्यांत लिहा. लोक मंडळाकडून मिळणाऱ्या भांडी आणि पेटीच्या संचासाठी रांग लावतात. शिष्यवृत्तीचं विचारायला येत नाहीत, कारण कोणी सांगितलेलं नसतं. नोंदणी करताना ‘मुलं कितवीत?’ हा एक प्रश्न सक्तीचा करा.

भाषेचं. माहितीपत्रक तेलुगूत छापलं की झालं, असं समजू नका. आपल्याकडच्या बऱ्याच तेलुगू घरांत बोलणं तेलुगू आणि शाळा मराठी. वयस्कर बायकांना तर कुठलीच लिपी वाचता येत नाही. छापील कागदापेक्षा बोलणारा माणूस हवा. सकाळच्या पाळीत एक तेलुगू बोलणारा आणि एक कन्नड बोलणारा कर्मचारी राहील अशी पाळीपत्रिका लावा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या लोकांना कन्नडची गरज पडते. सोबत आलेल्या शाळकरी नातवाकडून भाषांतर करून घेणं टाळा, विशेषतः आजारपण आणि नवऱ्याबद्दलचे प्रश्न असतील तेव्हा. आजी नातवासमोर खरं सांगत नाही आणि अर्ज चुकीच्या प्रवर्गात जातो.

‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी ‘आता इथून कुठे जाणार, कोणता कागद आणणार, मला सांगा बघू, अक्का’ असं विचारा. तिने उलट सांगितलं तर चूक तिथेच कळते. दिवस ‘पुढच्या आठवड्यात’ असा सांगू नये. वार आणि तारीख दोन्ही, चिठ्ठीवर आकड्यांत.

रोजगार_नोंद
प्रशिक्षणाच्या रचनेबद्दल: भाषणं दोन तासांच्या वर नकोत. दुपारी नावं-क्रमांक खोडलेल्या आठ फाइली द्या, चार पूर्ण, चार मुद्दाम त्रुटी ठेवलेल्या. एकीत ६३ वर्षांची विधवा, एकीत आधार आणि पासबुकातली नावं वेगळी, एकीत दिव्यांग प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं, एकीत पैसे दुसऱ्या बँकेत जाणारं प्रकरण. दोघांची जोडी, एक खिडकीवर, एक अर्जदार, प्रत्येक फाइलला दहा मिनिटं. तिसऱ्याने फक्त नोंद ठेवायची: सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या का, चिठ्ठी दिली का, तारीख लिहिली का, मोठ्याने विचारू नये ते विचारलं का, उलट वदवून घेतलं का. ३५ टक्क्यांच्या फाइलवर नकार कसा देतात ते नीट पाहा: कारण, आकडा, फेरतपासणी कुठे होते, आणि दुसऱ्या कुठल्या प्रवर्गात बसतं का हे तपासलं की नाही.

चिठ्ठीचं पुस्तक डुप्लिकेट, क्रमांक छापलेलं करा, पावतीपुस्तकाच्या आकाराचं. वरची प्रत अर्जदाराला, कार्बनची प्रत पुस्तकात. महिन्याने पुस्तक चाळलं की कोणत्या कागदावर सगळ्यात जास्त लोक अडतात ते दिसतं, आणि तो कागद बाहेरच्या फलकावर सगळ्यात वर जातो.